अक्काच्या फोनमधले दाजी

केळीचा चीक वाळला की बोटांवर काळपट डाग राहतात, आणि जन्मभर बागेत राबलेल्या माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, बोटं आता कायमची तशी झाली आहेत. त्या खरबरीत बोटांचा स्पर्श फोनच्या काचेला कळत नाही. म्हणून सकाळी, असोद्याच्या घराच्या ओट्यावर चैत्राचं कोवळं ऊन उतरायचं तेव्हा, ती पदराने काच पुसायची, मधलं बोट दुमडायची आणि त्याचं पेर, दारावर हळूच टकटक करावी तसं, फोटोवर टेकवायची.

फोटो तिच्या नवऱ्याचा, दाजींचा होता. कॅमेरा दिसला की दाजी तोंड फिरवायचे. ओळखपत्रावरचा भेदरलेला चेहरा सोडला तर त्यांचं चित्र म्हणून काही उरलं नव्हतं. एका लग्नात मात्र एरंडोलच्या फोटोग्राफरने त्यांना बेसावध गाठलं होतं, पंगतीत बसून अक्काकडे बघत खळखळून हसताना. त्याच्या वेबसाइटवरचा तो फोटो मी अक्कासाठी बनवलेल्या छोट्याशा वेबपानावर जोडून दिला होता. दाजी गेल्यानंतरच्या या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर पुजताना, तो मोठा करून शेजारी ठेवावा, एवढीच तिची इच्छा होती.

"दिसतो तसाच काढून दे ना भाऊ," ती म्हणाली. "मले काय भिताडभर पाहिजे?"

मी जळगावात वेबसाइट बनवण्याचाच पगार घेतो. स्क्रीनशॉट मोठा केला की फुटतो, मूळ फोटोच काढतो, असं मी ऐटीत सांगितलं आणि तिथेच अडलो. पान एका ठिकाणचं आणि चित्र दुसऱ्या ठिकाणचं असलं की ब्राउझर ते नुसतं पाहू देतो. पानातल्या कोडने ते उचलून मोठं करायचं, छापायचं, तर चित्राच्या सर्व्हरने तशी परवानगी धाडावी लागते. माझ्या लॅपटॉपवर एकच लाल ओळ यायची, परवानगी नाही. दोन दिवस, पंखा गरम हवा फेकत असताना, मी पुन्हापुन्हा कोड बदलला, फोटोग्राफरला फोन लावले. तो उचलेना. सांजोऱ्यांचा रवा भाजता भाजता अक्का दारातून डोकवायची आणि काही न विचारता परत जायची. तिचं ते न विचारणं मला सहन होत नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दुपारी मला वाटलं, सापडलं. तिच्या फोनवर फोटो दिसतोय, म्हणजे तो सर्व्हरवर आहेच. फोनने फक्त परवानगीविना आलेली जुनी प्रत धरून ठेवली असणार; ती पुसली की परवानगीसह नवी प्रत येईल आणि फोनवरूनच छापता येईल. मी तिच्या हातातून फोन घेतला, ती साठवण पुसली आणि पान पुन्हा उघडलं. दाजींच्या जागी पांढरा चौकोन आला.

उन्हं कलल्यावर फोटोग्राफरचा फोन आला. "ते वेबसाइटचं खातं होळीच्या आधीच बंद झालं हो. माझ्याकडची डिस्कपण गेली." फोटो मुळातच नसला तरी ब्राउझर कधीकधी तीच लाल ओळ दाखवतो, हे मला ठाऊक होतं, त्या दोन दिवसांत आठवलं नाही. जगात उरलेली एकुलती एक प्रत अक्काच्या फोनने जपली होती, आणि ती मी माझ्या हाताने पुसली.

मी तिच्यासमोर लहान पोरासारखा रडलो. ती रागावली नाही. घागरीवर ठेवायचं खरबूज पुसत राहिली.

"दोन दिस त्यायच्यापाशीच बसला होता ना तू? मंग सांग, हासताना त्यायचा कोनता हात वर होता?"

लाल ओळ मी शंभरदा वाचली होती, पण दाजींकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"डावा," ती म्हणाली. "उजवा वरन-बट्टीत होता."

आखाजी फोटोविना झाली. अजूनही रोज सकाळी ती काच पुसते आणि दुमडलेलं बोट त्या पांढऱ्या चौकोनावर टेकवते. काल मात्र ते बोट काचेच्या वरच थांबलं, आणि तिने मलाच विचारलं, "डावाच ना रे?"

मी हो म्हणालो. आता काळ दाजींना तिच्याकडून असाच थोडाथोडा नेत राहील, आणि ती विचारेल तेव्हा तिने सांगितलेलंच तिला परत सांगण्यावाचून माझ्याकडे काही नाही.