सावडीची रिक्षा

शोरूमच्या दारावर सुकलेलं तोरण. उसाच्या ट्रॉलीमागे काळा धूर. भालकीच्या स्टँडवर दोन इलेक्ट्रिक रिक्षा, महिनाभर जागच्या जागी.

पंचशीलाच्या रिक्षाचा कंट्रोलर जळला होता, शैलश्रीच्या रिक्षाची बॅटरी गेली होती. नेहमीची गिऱ्हाइकं दुसऱ्यांच्या रिक्षांत बसू लागली होती. शोरूमवाला महेशकुमार दोघींना एकच सांगायचा, "अक्का, बाहेरून स्पेअरचा मालच येईना. डिझेलची घ्या, आज देतो."

"कामून घ्यावं?" पंचशीला म्हणाली. "धुराची हौस तुमाला, तुमीच घ्या."

स्टँडवरचा गुंडेराव हसला. "मग आता बैल जुंपा!"

तेवढ्यावरून पंचशीलाला सुचलं. एकेकच बैल असलेले दोघं सावड करतात, जोडी लावून दोघांचीही रानं नांगरतात. तिनं आपली बॅटरी काढली आणि शैलश्रीच्या रिक्षात बसवली. सकाळी एकीची पाळी, दुपारनंतर दुसरीची.

पहिल्याच फेरीला दोघी मुद्दाम शोरूमवरून गेल्या. महेशकुमार ओरडला, "गॅरंटी जाईल!"

"ती धरून बसा दारात," पंचशीला म्हणाली. "आमी साखर कारखान्याकडं जायलाव."

रिक्षा घेतली त्या दिवशी याच पंचशीलाला सायकलसुद्धा चालवता येत नव्हती.