ओढा की सोंड

यशोधराबाई अंबरनाथच्या शाळेत भूगोल शिकवत. त्यांचा धाक असा, की मागच्या बाकावर डुलकी काढणाराही दचकून उठे आणि खिंडीची व्याख्या सांगून मोकळा होई. पण त्या संध्याकाळी फोनवर बोलताना त्यांचीच घाबरगुंडी उडाली होती. त्यांची लेक प्रीती बदलापूरच्या डोंगरात वाट चुकली होती. फोटो काढत मागे राहिली, आणि मैत्रिणी गप्पांच्या नादात उतरून गेल्या.

"आई, बॅटरी संपत आलीय. सगळीकडे सेम झाडी आहे यार."

"सूर्य कुठंय?"

"मलंगगडाच्या मागे चाललाय."

"त्याच्याकडे पाठ कर. समोर पूर्व. बदलापूर तिकडंच."

"स्टेशनची ईस्ट ना?"

"स्टेशनची नाही गं, खरी पूर्व!" अंबरनाथकरांना दिशा रेल्वेनंच वाटून दिल्यात, त्याला कोण काय करणार? "पाणी आहे का जवळ?"

"ओढा आहे."

"मग त्याच्या कडेकडेनं उतर. ओढा गावालाच येतो."

एवढ्यात फोन बंद पडला.

नवऱ्यानं, मिलिंदनं, बाइक काढली. निम्म्या वाटेवर बाईंना आपली चूक उमगली. ओढा गावाला येतो खरा, पण सह्याद्रीतला ओढा त्याआधी कड्यावरून उडी घेतो! उतरायचं ते सोंडेवरून, दोन घळींच्या मधून खाली येणाऱ्या डोंगराच्या धारेवरून. इतकी वर्षं फळ्यावर हेच काढलं, आणि पोटच्या पोरीला नेमकं उलटं सांगितलं.

"अहो, मी तिला कड्यावर पाठवलं," त्या म्हणाल्या. मिलिंदनं बाइक आणखी पळवली.

पायथ्याच्या वाडीत राहणाऱ्या गोदूबाईंनी त्यांना अंगणात बसवायला पाहिलं. "बाय, जरा बस. पोरींनी सांगितलं, तशी आमची मानसां गेलीत वर."

बाई कसल्या बसतात! अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या येरझाऱ्या घालत होत्या. वरून धबधब्याचा आवाज येत होता आणि तो त्यांना ऐकवत नव्हता. तिचं काही झालं तर पुन्हा खडू हातात धरणार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

अंधार पडता पडता प्रीती आली. ओढ्याकडून नाही, डावीकडच्या सोंडेवरून. ढोपरं फुटलेली, केसांत काटक्या, आणि शोधायला गेलेली माणसं तिच्या मागून चालत येत होती.

बाईंनी तिला पोटाशी धरलं, मग पाठीत एक धपाटा घातला, मग ढसाढसा रडल्या.

"अगं, मी तुला ओढा धर म्हटलं होतं!"

"धरला होता ना. थोडी उतरले पण." प्रीती गोदूबाईंनी दिलेलं पाणी घटाघटा प्यायली. "मग सातवीतला तुझा तास आठवला. 'डोंगरात ओढा धराल तर कड्यावर लटकाल.' अख्ख्या वर्गाकडून घोकून घेतलं होतंस."

"मग माझं ऐकून निघालीसच कशाला?"

"आई होतीस ना फोनवर. पण आई घाबरली होती. म्हणून मग मी बाईंचं ऐकलं."