न उतरणारं सरपण

मित्रांनो, उंबरमाळीच्या डोंगरातल्या एका पाड्यावर माझा जन्म झाला. मी निर्धूर चूल आहे. आता जुनी झाले, कडा झिजल्या. पण मी या घरात आले तेव्हा माझ्यावर कुणाचा विश्वासच नव्हता.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. शेजारच्या वाडीतली बाईजा मुरबाडला शिबिरात चुली घालायला शिकून आली होती. तिनं माती, शेण आणि भाताचं तूस मळून मला घडवलं. पुढं मोठं तोंड, मागं दुसऱ्या भांड्यासाठी वैल, आणि छपरातून वर काढलेला सिमेंटचा पाइप. घरची सून जिवली हिनं मला आवडीनं लिंपलं.

तिची सासू सकुबाई मात्र लांबूनच बघत राहिली. "धूर नाय, तं पेटली का नाय ते कसं कळंल?" पहिली नाचणीची भाकरी तिनं उलटसुलट करून हुंगली आणि मगच मोडली.

पुढं तिला वेगळाच संशय आला. तीन दगडांच्या चुलीला रोज भारा लागायचा. माझा जाळ भांड्याखालीच राहतो, त्यामुळं थोड्या काटक्यांत भात शिजायचा. पडवीत साठवलेलं सरपण उतरेना. जिवली गुपचूप कुठून तरी लाकूड आणते, असं सकुबाईनं मनाशी धरलं. तिनं ढिगातल्या एकेका लाकडावर कोळशानं रेघ ओढून ठेवली. जिवली पाण्याला निघाली, की हिची नजर तिच्या पाठीवर. जिवलीला ते कळत होतं. ती माझ्यापुढं बसून नुसती काटकी आत सारायची.

भाद्रपदात शेजारणीचं, हौसाचं सरपण संपत आलं. आमची पडवी भरलेली. हौसा पाड्यात बोलू लागली, "माझा ढीग खाली जातं, नि जिवलीचा तसाच कसा गो?" ते बोलणं फिरत फिरत जंगलाच्या गार्डाच्या कानावर गेलं.

एका दुपारी तो दारात उभा राहिला.

"ऐन पावसाळ्यात एवढं लाकूड? चोरून तोडलंय. कोयता द्या इकडं. आणि बाई, तुम्ही चला ऑफिसात."

जिवलीनं कोयता त्याच्या हाती दिला. कुंपणापाशी हौसा उभी होती. जिवलीनं सासूकडं पाहिलंसुद्धा नाही. सासूही तेच म्हणणार, असं तिला वाटत होतं.

सकुबाई उठली. "साहेब, ही चोरी करतं असं मलापन वाटलं. म्हून मी पाळत ठेवली. लाकडालाकडाला खूण केली. बिनखुणेचं एक जरी निघालं, तं मला न्या."

गार्डानं ढीग उपसला. सगळीकडं कोळशाची रेघ.

"मग तुम्ही जाळता काय?"

"बसा," सकुबाई म्हणाली आणि पहिल्यांदाच माझ्यापुढं बसली. तिनं मूठभर काटक्या पेटवल्या, पुढं भात ठेवला, वैलावर डाळ. तेवढ्याच काटक्यांत भात होईपर्यंत गार्ड हलला नाही. मग त्यानं कोयता भिंतीला टेकवला आणि निघून गेला.

कुंपणाकडून हौसाचा हळू आवाज आला, "जिवले, बाईजाला आमचेकडं पन धाड गो."

जिवलीचं तिकडं लक्ष नव्हतं. "आये, मला पकडाया खुणा केल्यास?"

"केल्या. नसत्या केल्या, तं आज तुला नेली असती."

"मला इचारलं असतंस तं?"

सकुबाईनं डाळ उतरवली आणि पहिलं ताट सुनेला वाढलं.

आता सकुबाई नाही. घरात गॅस आला आहे. माझ्यावर अंघोळीचं पाणी तापतं. पाइप कुणी झाडत नाही, काजळी दाटली आहे, धूर घरात फिरतो आणि लोक म्हणतात, चूलच वाईट. मित्रांनो, चूल धुरावली तर ती फोडायला धावू नका, आधी पाइपात डोकावून बघा. सरपण वाळवून, बारीक करून घाला. रान वाचेल, डोळेही वाचतील.

आणि घरातल्या माणसाबद्दल शंका आली, तर त्याच्यासमोर बसून विचारा. जिवली त्या एका प्रश्नाची किती दिवस वाट बघत होती, हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.