खांबेटेसाहेबांचे मासे

खांबेटेसाहेबांना त्यांच्या माशांचं भारी कौतुक. ऑफिसच्या दारात, आलेल्या माणसाची नजर आधी जिथे पडेल तिथे, काचेची टाकी ठेवलेली आणि तीत सात सोनेरी मासे. टाकीवर मी टाइप केलेलं कार्ड: ‘आमच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या शुद्ध पाण्यात हे मासे राहतात.’ त्यातलं ‘मासे राहतात’ एवढंच खरं होतं. पाणी माझ्या माहेरच्या विहिरीचं होतं.

आता सांगते आहे, पण तेव्हा मीही तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. १९८१ साल. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना नळाच्या तोट्यांवर क्रोम चढवायचा. तोट्या इतक्या चकचकीत निघायच्या की त्यांत बघून टिकली लावावी. मी तिथे टायपिस्ट. म्हणजे टाइप करणं, फोन घेणं, चहा सांगणं आणि साहेबांची भाषणं नीट लिहून काढणं. भाषणं ते सुंदर करायचे. उद्योग समाजाचं देणं लागतो, नदीला आई म्हणायचं तर तिच्या तोंडात विष घालू नये, असं बरंच काही. खोटं कशाला बोलू, टाइप करताना मला भरून यायचं.

कारखान्याच्या मागे पाणी शुद्ध करायच्या दोन टाक्या होत्या आणि त्या सांभाळायला सलाउद्दीनभाई. जुन्या नाशकातला, चौक मंडईतला माणूस. क्रोमचं पिवळं पाणी टाकीत घ्यायचं, त्यात हिराकस घालायचं, मग चुना, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळलेलं पाणी सोडायचं, अशी रीत. गाळ बसायला पुरता एक दिवस लागतो. पण ऑर्डरी वाढल्या, दोन पाळ्या सुरू झाल्या आणि टाक्या दोनच राहिल्या. मग जास्तीचं पाणी मागच्या कच्च्या खड्ड्यात जाऊ लागलं. “तिसरी टाकी पुढच्या वर्षी,” साहेब म्हणायचे. असं ते तीन वर्षं म्हणाले.

माशांची कल्पना त्यांना कुठल्याशा मासिकातल्या परदेशी कारखान्याच्या फोटोवरून सुचली. पहिले मासे त्यांनी खरोखरच आमच्या शुद्ध पाण्यात सोडले. तासाभरात उताणे. दुसरे नळाच्या पाण्यात सोडले, ते क्लोरीनने गेले. साहेब एवढेसे झाले. त्यांचा चेहरा मला बघवेना आणि मी म्हणून गेले, “साहेब, आमच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी आणा. त्यात मासा म्हातारा होऊनच मरेल.”

बढाई होती ती. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

पण बढाईला कारण होतं. आमची वस्ती कारखान्यापासून मैलभर, नाल्याच्या काठाला. पूर्वी गावच्या विहिरीत आमच्या बायकांनी घागर बुडवायची नाही, कुणी वरून ओतेल तेव्हा खाली धरायची. बौद्ध झाल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात माझे वडील, सावळीराम, पहार घेऊन उभे राहिले आणि वस्तीतली अकरा घरं त्यांच्यामागे. “आता पाण्यासाठी कुणापुढं घागर धरायची नाय,” आबा म्हणाले. दोन उन्हाळे खणलं तेव्हा पाणी लागलं. मी सहा वर्षांची होते. आबांनी पहिली ओंजळ मला पाजली. पाणी मातकट होतं आणि त्यात आबांच्या हातांचा घाम होता, पण त्याच्याइतकं गोड मी पुन्हा काही प्यायले नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे.

लग्न होऊन मी नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या कॉलनीत आले. घरात नळ होता, तहान भागायची, पण पेला तोंडाला लावला की जीभ दुसऱ्याच कशाची तरी वाट बघायची. आबा गेल्यावर तर जास्तच. माहेर कारखान्यापासून मैलभरच, पण काम सुटलं की घरची बस गाठायची; वर्षवर्ष तिकडे जाणं व्हायचं नाही. दर सोमवारी सलाउद्दीनभाई सायकलला दोन कॅन बांधून माझ्या माहेरचं पाणी आणायचे. कॅन कारखान्याचे, आधी त्यांत ॲसिड आलेलं, म्हणून त्यातलं पिता येत नसे. टाकीत पाणी पडायचं तो आवाज तेवढा मी हातातलं काम टाकून ऐकायची. माझ्या आबांची विहीर मासे उपभोगत होते आणि मी काचेबाहेर बसले होते.

भाई कधीकधी चुळबुळ करायचे. “बाई, नमाजला उभा राहिलो की मासेच दिसतात,” म्हणायचे. “लोकांना फसवायचं पाणी भरतो मी.”

“पाणी खरंच आहे, भाई. कार्ड खोटं आहे,” मी म्हणायची. “ते मी टाइप केलंय, पाप माझ्या नावावर.”

माझं हे चटकन उत्तर देणं तेव्हा मला फार आवडायचं.

१९८४ च्या मार्चमध्ये मासे मेले. मंगळवारी दोन, बुधवारी उरलेले पाच. पुढच्याच आठवड्यात, शुक्रवारी, उद्योजकांची एक समिती यायची होती. आदर्श कारखान्याची ढाल आम्हालाच, हे जवळपास ठरलेलं. साहेबांनी घाईने नवे सात मासे मागवले. मी भाईंवर उखडले, म्हटलं कॅन धुतले नसतील. त्यांनी माझ्यासमोर दोन्ही कॅन वाळूने घासले, स्वतः जाऊन पाणी आणलं, मासे सोडले. दोन दिवसांत तेही गेले. मग भाईंनी त्या पाण्याचा पेला कोऱ्या कागदापुढे धरला.

“बाई, हा रंग मी रोज बघतो,” ते म्हणाले.

फार फिकट होता, पण पिवळा होता.

बसची वाट न बघता मी चालत वस्तीवर गेले. आई ओट्यावर गहू निवडत बसली होती. मला बघून पाणी द्यायला उठली. तिच्या हातातला तांब्या घेऊन मी घोटभर तोंडात घेतलं. इतक्या दिवसांनी आबांच्या विहिरीचं पाणी माझ्या जिभेवर आलं आणि ते कडू होतं.

“आई, पाणी असं कधीपासून लागतंय?”

“दिवाळीपासनं असंल,” आई म्हणाली. “मला वाटलं, माझीच चव गेली. वय झालं ना आता.”

“मग कुणाला बोलायचं नाही का?”

“शेजारची कुसाबाई बोलली व्हती. मीच तिला गप केली.” आईने सूप बाजूला ठेवलं. “म्हटलं, आमच्या लतीच्या हापिसात याच पाण्यात मासे जगत्यात. मासा जगतो त्ये पाणी वंगाळ कसं असंल?”

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. माझ्या माशांच्या साक्षीवर अख्खी वस्ती पाच महिने ते पाणी प्यायली होती. त्याच दुपारी घरोघर जाऊन मी पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं. संध्याकाळी आमच्या बायका घागरी घेऊन गावात गेल्या, तेवीस-चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभी राहिले. “साहेब, मागचा खड्डा बंद करा. तिसरी टाकी होईपर्यंत दुसरी पाळी थांबवा.”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना वाईटही वाटलं, ते नाटक नव्हतं. “पाळी थांबवली तर ऑर्डर जाईल, लताबाई. चाळीस माणसं घरी बसतील,” ते म्हणाले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. “असं करू. वस्तीला मी नळ देतो. आपल्या लाइनीवरून, आपलीच तोटी. आणि माशांसाठी गंगापूर धरणाचं पाणी आणवा.”

नळ देतो म्हणताना ते इतके मनापासून बोलत होते की मला धड रागही येईना. आबांनी ती विहीर कुणी काही द्यायची वेळ येऊ नये म्हणूनच खणली होती, हे त्या खुर्चीतल्या माणसाला कुठून सांगायला सुरुवात करायची? मी “बरं” म्हटलं आणि जागेवर येऊन बसले.

शुक्रवारी सकाळी साहेब समितीला आणायला गेले तेव्हा मी भाईंना म्हटलं, “पाणी धरणाचं नको. नेहमीचंच आणा.” त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सायकल काढली. टाकी भरली, मासे सोडले नाहीत. मी नवं कार्ड टाइप केलं: ‘हे पाणी कारखान्याचं नाही. मैलभरावरच्या वस्तीतल्या विहिरीचं आहे. आमच्या खड्ड्यातलं क्रोम त्यात उतरलं आहे. चौदा मासे मेले. माणसं पाच महिने हेच पाणी प्यायली.’ खाली माझी सही. आधीच्या कार्डावर मी सही केली नव्हती.

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग रिकाम्या टाकीत वाकून पाहिलं. हारतुरे टेबलावर तसेच राहिले.

मंडळी गेल्यावर साहेब हळूच म्हणाले, “आधी मला सांगायचं होतंत, लताबाई.”

“सांगितलं होतं, साहेब.”

ढाल गेली. चौकशी झाली, खड्डा बुजवला गेला, आणि तीन वर्षं होत नव्हती ती तिसरी टाकी सहा महिन्यांत उभी राहिली. पाळी काही बंद पडली नाही आणि चाळीस माणसांतला एकही घरी बसला नाही. घरी बसले ती मी. भाईंना साहेबांनीच ठेवून घेतलं, कारण टाक्या त्यांच्यासारख्या दुसऱ्या कुणाला जमत नव्हत्या. वस्तीला नळही आला, चकचकीत तोटीचा. विहिरीवर फळ्या टाकल्या.

दर मार्चमध्ये भाई फळी सरकवून एक बादली पाणी काढतात, त्यात दोन मासे सोडतात, दोन दिवस थांबतात. मग सायकल मारत द्वारकेला येतात आणि मी दारात उभीच असते. ते लांबूनच मान हलवतात. “जमिनीत गेलेलं लवकर निघत नाही, बाई,” म्हणतात, चहा पितात आणि जातात. मला दर वर्षी वाटतं, यंदा ते मान हलवणार नाहीत.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे राहायला होती. तिला चार दिवस ताप होता. दुपारी डोळे उघडून म्हणाली, “लते, आपल्या इहिरीचं पाणी दे गं थोडं.” तापातल्या माणसाला काय समजावणार? मी माठातलं पाणी पेल्यात घेतलं, तिला उठवून बसवलं आणि म्हटलं, “घे, विहिरीचंच आहे. सकाळीच भाईंनी आणून दिलंय.”

आईने एक घोट घेतला. तो तोंडात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. मग गिळला.

“तवा माझी चव गेली नव्हती, लते,” ती म्हणाली. “आन आता बी नाय.”

मी मान खाली घातली. तिला तहान लागली होती, म्हणून तिने उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं, पेला माझ्या हातात दिला आणि यंदाचे मासे किती दिवस जगले ते विचारलं.