बटाट्याला झालेला कॅन्सर

चिखलीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलबाहेर त्या संध्याकाळी चपला काढायलाही जागा नव्हती. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तिळगूळ होता, आणि त्या वर्षी वाण म्हणून चक्क कॅन्सरची तपासणी होती! प्लास्टिकच्या डब्यांचा सगळ्यांना कंटाळा आला, म्हणून कमिटीच्या सुमनताईंनी थेट सयाजीगुरूंनाच बोलावलं होतं.

"माता-भगिनींनो," गुरू माइक फुंकत म्हणाले, "ऋषींनी थेंबात समुद्र पाहिला, मी थेंबात कॅन्सर पाहतो! मशीन नाही, हॉस्पिटल नाही. फक्त ही नॅनो-चिप आणि हे सिद्धजल!"

चिप म्हणजे नखाएवढी पारदर्शक पट्टी, तिच्यावर केसासारख्या रेघा. बोटाला सुई, पट्टीवर रक्ताचा थेंब, वरून तपकिरी बाटलीतलं सिद्धजल. फसफस फेस आला की गुरू ओरडायचे, "दोष!" बायका "अगं बाई!" म्हणत मागे सरायच्या आणि लगेच पुढे घुसायच्या. माझ्या कडेवरची लेक अनुया प्रत्येक फेसाला टाळ्या पिटत होती. खरं सांगते, मजा येत होती.

मग आमच्या आईंचा नंबर आला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या थेंबालाही फेस आला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या छातीत गाठ आहे, हे घरात फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं.

"घाबरू नका माते. आमचा काढा घ्या, मी पुन्हा येतोच."

आठवडाभर काढा घेतल्यावर पुढच्या फेरीत गुरूंनी आईंना पुन्हा तपासलं. या वेळी फेस नाही! घरी आल्यावर आई स्वयंपाकघरात झारा घेऊन जवळजवळ नाचल्याच.

"निवेदिता, हॉस्पिटलात फोन कर. गुरुवारी येत नाही म्हणून सांग."

"आणि गाठ?"

"विरघळेल हळूहळू. अगं, वाणात मिळालंय ते. वाणाला कुणी नाही म्हणतं का? त्यावर शंका घ्यायची नसते."

बाळंतपणाआधी मी वाकडच्या एका प्रयोगशाळेत अशाच चिपांवर काम करत होते. खऱ्या चिपा! केसापेक्षा बारीक वाटांमधून रक्त सोडायचं आणि कोट्यवधी पेशींच्या गर्दीतून गाठीपासून सुटलेल्या चार-दोन पेशी धरायच्या. पण त्या सूक्ष्मदर्शकाखाली शोधाव्या लागतात, फेस काढून हाका मारत नाहीत. आणि शेवटचा शब्द डॉक्टरांच्या तपासणीचाच.

हे मी आईंना सांगितलं.

"वा! तुझी चिप खरी आणि त्यांची खोटी? जळतेस तू."

दुसऱ्या दिवशी दुपारी अनुया झोपली तेवढ्यात मी बटाटे किसायला बसले. तो फेस डोळ्यांपुढून हलत नव्हता. आणि एकदम आठवलं! क्षितिज, माझा नवरा, चाकणहून शिफ्ट संपवून येताना गाडीवरून घसरला होता. केमिस्टकडचं जखम धुवायचं औषध कोपरावर ओतलं, तेव्हा अस्साच फेस आला होता. हायड्रोजन पेरॉक्साइड! बाटली घरात होतीच. बोट टोचून थेंबावर टाकलं: फेस. घाईत थोडं किसावर सांडलं, तर त्यालाही फेस! मी इतकी मोठ्याने हसले, की अनुया उठून रडायला लागली. मग तिला मांडीवर घेऊन दोघी हसलो.

रथसप्तमीला शेवटचं हळदीकुंकू. गुरूंनी जाहीर केलं होतं, अंथरुणावरच्या रुग्णाचं रक्त बाटलीत आणलं तरी चालेल. मी शेजारच्या रोशनबीकडे अनुयाला दिलं आणि दोन छोट्या बाटल्या पुढे केल्या.

"गुरुजी, ही गावाकडची दोन माणसं. सख्खी जुळी."

पहिल्या बाटलीतल्या थेंबावर सिद्धजल पडलं आणि फेस उसळला. गुरू दचकले, मग सावरले. "महादोष! तिसरी पायरी! तिप्पट काढा लागेल!"

दुसऱ्या थेंबाला बुडबुडाही नाही. "हा मात्र पुण्यवान माणूस."

"गुरुजी, दोन्ही बटाटे आहेत," मी म्हणाले. "रंगाला थोडं उकडलेलं बीट घातलंय. पहिला कच्चा, दुसरा उकडलेला."

मग रोशनबी मागून म्हणाली, "म्हणजे कुकरच्या तीन शिट्ट्यांत कॅन्सर बरा? काढा कशाला घ्यायचा मग?"

हॉलमध्ये हशा पिकला! सुमनताई तर खुर्चीवरून घसरल्या. मी हसू आवरत सांगितलं, आपल्या सगळ्यांच्या रक्तात आणि कच्च्या बटाट्यातही एक एन्झाइम असतं, ते या औषधातून ऑक्सिजन सोडवतं, त्याचा हा फेस. उकडलं की एन्झाइम मरतं. "खोटं वाटत असेल तर गुरुजी, तुमचंच बोट द्या!"

"मी... मी आज उपवास धरलाय."

"बोट खायचं नाहीये, भाऊ, टोचायचंय!" रोशनबी.

गुरू पिशवी आवरू लागले. तेवढ्यात आई उठल्या. त्यांनी गुरूंच्या पिशवीतून दुसरी बाटली काढली, पिवळा दोरा बांधलेली. "माझ्या दुसऱ्या तपासणीला हीच होती ना?" त्यांनी थेंबभर जिभेवर ठेवला. "खारट. नुसतं मिठाचं पाणी." मग बोट पुढे केलं. "निवेदिता, टोच. तपकिरी बाटली घे."

फेस आला. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. कुणी हसलं नाही.

"फोन केलास का गं हॉस्पिटलला?"

"नाही केला, आई."

"शहाणी आहेस."

गुरुवारी आम्ही गेलो. गाठ वाईट निघाली, पण लहान होती, वेळेत सापडली. ऑपरेशन, औषधं, गळलेले केस, सगळं झालं.

यंदाच्या संक्रांतीला बोटभर केस उगवलेल्या आमच्या आईंनी हळदीकुंकू केलं. वाण म्हणून प्रत्येकीच्या ओटीत एकेक बटाटा घातला आणि कानाशी एकच वाक्य म्हटलं, "गाठ लागली तर आधी डॉक्टर. हा उकडून खा."

बायांनो, विज्ञानाचं नाव घेणारा प्रत्येक जण विज्ञानाचा नसतो. पुरावा मागा, पुन्हा करून दाखवायला सांगा, आणि खुशाल वाणालाही नाही म्हणा.