काचा वर करून

"मीटर पुरे बारा व्होल्ट दाखवतोय, दादा. मग हा व्हॉल्व्ह उघडत का नाही?" धाकट्याने गाडीतले बिघाड दाखवणारा स्कॅनर बाजूला ठेवत विचारलं.

"मीटरवर जाऊ नकोस," थोरला म्हणाला. "बल्ब लाव."

टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत न जाता इंजिनात जाऊन जळावी, म्हणून गाडीत विजेवर चालणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. या गाडीत तो बंद पडला होता. इंजिनची पिवळी लाईट लागली होती नि आत पेट्रोलचा वास कोंडत होता. आधीच्या गॅरेजने नवाकोरा व्हॉल्व्ह बसवून दिला, पण लाईट काही हलली नाही.

थोरल्याने दोन वायरी जोडलेला साधा बल्ब व्हॉल्व्हच्या प्लगला लावला. बल्ब पेटला नाही.

"बघ. मीटरला घोटभर करंट पुरतो, बल्बला पोटभर लागतो. वायर आतून सडलीय. एखादी तार तेवढी शिल्लक असेल."

वायरीचा माग काढायला त्याने आडवा येणारा पाइप काढून बाजूला केला, मग बॅटरी उचलली. ट्रेखाली ॲसिड झिरपून वायर फुगली होती. कापली तर आतून हिरवी भुकटी सांडली. त्याने तेवढा तुकडा काढून टाकला, नवी वायर सोल्डर केली, वरून टेप गुंडाळली, बॅटरी जागेवर बसवली. इंजिन सुरू करून व्हॉल्व्हवर बोट ठेवलं, तर आत टिकटिक सुरू झाली होती. धाकट्याने स्कॅनरवरून पिवळी लाईट घालवली. थोरल्याला बरं वाटलं. हल्ली वायरीचंच काम त्याला आवडे. डोळे नि बोटं असली की भागत होतं.

गाडी एका नर्सची होती. ड्यूटीच्या कपड्यांतच ती खुर्चीत बसून होती. "वास गेला का हो? मागे माझी लेक बसते. शाळा येईपर्यंत तिला मळमळायला लागतं. आई म्हणाली, त्या नाकवाल्यांकडेच ने."

नाकवाले म्हणजे थोरला. गॅरेजच्या पाटीवर पेंटरने गमतीने एक भलंमोठं नाकही काढून ठेवलं होतं. इथला नियमच होता: काचा वर करून थोरला आत बसणार, डोळे मिटून हुंगणार, तो 'न्या' म्हणेल तेव्हाच गाडी बाहेर पडणार. पेट्रोल कुठे गळतंय, वायर कुठे तापतेय, सीटखाली उंदीर कधी मेलाय, सगळं तो बसल्या जागी सांगायचा. या कौतुकाने तो चढलाही होता. धाकट्याने स्कॅनर आणला, त्या दिवशी भर गिऱ्हाइकांत तो म्हणाला होता, "छान आहे रे, पण याला नाक कुठंय?" सगळे हसले. धाकटाही हसला, जरा उशिरा.

मग गेल्या वर्षी थोरल्याला ताप आला. ताप उतरला नि वास गेला तो गेलाच. त्याने कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. इंजिनकाम धाकट्याचं, स्कॅनर धाकट्याचा. नाक गेल्यावर आपलं इथे काय उरतं, या भीतीने त्याची जीभ रेटली नाही. पहिल्यांदा गाडीत नुसतं बसून उठला, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढे त्याचीही सवय झाली.

आजही तो बसला, डोळे मिटले, उठला. "वास नाही."

नर्सचा चेहरा खुलला. धाकटा म्हणाला, "मी एक चक्कर मारून आणतो." हल्ली तो प्रत्येक गाडी अशी फिरवून आणायचा.

तो आला तो चारही काचा उघड्या टाकून. गाडी त्याने मागच्या भिंतीशी लावली, बॉनेट उघडून आत हात घातला नि एक पाइप कट्कन जागेवर बसवला. थोरला बघत होता. तो वाफेचाच पाइप होता. वायरीसाठी त्यानेच काढला होता आणि लावायचा राहिला होता.

"राहिला वाटतं," थोरला म्हणाला. "वास फारसा नव्हता, म्हणून..."

"दादा, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं."

थोरल्याने हातातलं फडकं उगाच झटकलं. "कधीपासून माहीत आहे?"

"दूध जळून पातेलं काळं झालं, शेजारी धावत आले, नि तू बाजूच्या खोलीत पेपर वाचत होतास. वहिनीनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं."

म्हणजे तिलाही माहीत होतं. रोज संध्याकाळी दारातूनच तो म्हणायचा, "वा, काय वास सुटलाय!" आणि ती मुकाट्याने ताट वाढायची.

"आणि तू मला गाड्यांत बसवत राहिलास. बाहुल्यासारखं."

"तू आपणहून बसत होतास. मी मागाहून हुंगत होतो."

"थांब, मी आत्ताच सांगून टाकतो तिला."

"काय सांगणार? वर्षभर किती जणांच्या पोराबाळांना असंच बसवलंस, ते?" धाकट्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "लोक पाटीवरचं नाक बघून येतात, दादा. माझ्यासाठी कोण येतंय? दोन घरं चालतात त्यावर."

"काही राहिलं का हो?" नर्सने पलीकडून विचारलं.

"काही नाही, सिस्टर! एक क्लिप घट्ट केली," धाकटा मोकळ्या आवाजात म्हणाला. "नाकवाले परत एकदा बसतात, म्हणजे तुमचीही खात्री होईल." त्याने आधी स्वतः आत डोकं घालून नीट हुंगलं, मग काचा वर केल्या. "बस," तो थोरल्याला म्हणाला.

थोरला या खेपेला मागे बसला. लेकीच्या जागेवर. खिडकीवर तिने चिकटवलेला अर्धवट निघालेला ससा होता. त्याने छाती भरून श्वास घेतला, पुन्हा घेतला. थंड हवा तेवढी आत गेली. डोळे उघडून त्याने काचेतून धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने होकारार्थी मान हलवली.

थोरल्याने काच खाली केली. "न्या, ताई. लेकीला खुशाल बसवा."

"आई म्हणते ते खोटं नाही," नर्स समाधानाने म्हणाली. "मशीनला असं नाक कुठून येणार?"

धाकटा हसला. थोरलाही हसला, जरा उशिरा.