सगळी गाणी एका खणात

“कोण हा अज्ञात कलाकार? सगळी गाणी यानेच म्हटलीत का?” कुलूपकाका हातातल्या काडेपेटीएवढ्या प्लेअरच्या पडद्यावरचं नाव वाचून खेकसले.

पलंगावरून काकूंनी मान उचलली. झटक्यानंतर उजवी बाजू लुळी पडली होती, जीभ जड झाली होती. कान मात्र शाबूत होते. त्यांनी डावा हात पुढे केला. “गा...णं. मा...झं.”

“मिळेल, मिळेल. आधी सगळं नीट लावू दे.”

हे उत्तर काकू गेले तीन आठवडे ऐकत होत्या.

‘कुलूप’ हे नाव काकांना कारखान्याने दिलं होतं. तिथल्या स्टोअरमध्ये त्यांनी अख्खी नोकरी काढली. मशीन बंद पडून साहेब बोंबलत असला तरी सहीच्या चिठ्ठीशिवाय काकांच्या कपाटातून बोल्टसुद्धा बाहेर पडत नसे. एकाच नंबरचा माल दोन खणांत सापडला की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. निवृत्तीनंतर ते कुलूप घरी येऊन बसलं, एवढाच काय तो फरक. घरी कामगार एकच होती आणि तिने कधी संप केला नाही.

प्लेअर लेकीने आणला होता. दवाखान्यात वाचा शिकवणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं होतं, “बोलता येत नाही अशा माणसांना कधीकधी गाता येतं. ओळखीची गाणी ऐकवा. त्यांचा स्वतःचा आवाज कुठे असेल तर फारच छान. पण उशीर करू नका. पहिल्या काही महिन्यांत येईल तेवढं येतं.”

तसा आवाज होता. लग्नाआधी काकू गाणं शिकत होत्या. लेक तान्ही असताना त्यांनी शेजाऱ्यांचा टेप मागून आणला आणि एका कॅसेटच्या शेवटी उरलेल्या कोऱ्या फितीवर आपलं गाणं भरलं. काकांनी ते एकदाच ऐकलं आणि “टेप परत देऊन ये” म्हणाले. तेवढंच काय ते कौतुक.

आता लेकीने धोशा लावला म्हणून काकांनी सगळ्या कॅसेटी दुकानात नेल्या. दुकानदाराने प्रत्येकीचं वेगळं फोल्डर करून सगळं प्लेअरमध्ये भरून दिलं. “काका, नावं नाहीत हं. सगळीकडे ट्रॅक एक, ट्रॅक दोन असंच आहे. महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे कॉपी असते. काही लागलं तर या.”

“मला काय लागणार?” काका म्हणाले. एकच माल दोन जागी कशाला, म्हणून कॅसेटी त्यांनी दुसऱ्याच दिवशी भंगारात घातल्या.

मग खरा छळ सुरू झाला. प्लेअरला बटणं चार आणि प्रत्येकाचे धंदे दहा. एकदा फोल्डरात शिरलं की बाहेर येता येईना. गाणी लागायची ती ट्रॅक एकनंतर थेट दहा, मग अकरा, मग कधीतरी दोन. “बालवाडीतल्या पोराला कळतं एकानंतर दोन येतात!” काका करवादायचे. पलंगावर काकू आपल्या गाण्याची पहिली ओळ गुणगुणायच्या आणि नवल म्हणजे तिचे पहिले दोन शब्द अगदी स्वच्छ यायचे. तिसऱ्याशी गाडी अडायची. मग हात प्लेअरकडे. पण अर्धवट लावलेला माल काकांनी जन्मात कोणाला दिला नव्हता, तो बायकोला कसा देतील?

त्या सकाळी त्यांनी एकदाचा निकाल लावायचं ठरवलं. लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरला प्लेअर जोडून ते सगळ्या फोल्डरांतली गाणी उचलून एकाच नव्या फोल्डरात हलवू लागले. कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? काका खूश झाले. म्हणजे डबल माल होता तर! “ठेव,” म्हणत त्यांनी बटण दाबलं, आणि ‘सगळ्यांसाठी हेच’ या चौकटीतही खूण केली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणी त्यांना विचारून काम करत होतं.

काम झालं. एका कॅसेटमध्ये मावतील तेवढीच गाणी उरली.

काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा काकांच्या तोंडचं पाणी पळालं. प्रत्येक ट्रॅक एकने आधीच्या ट्रॅक एकला गिळलं होतं. जुनी फोल्डरं रिकामी. शिल्लक राहिली ती शेवटची, सगळ्यांत जास्त गाण्यांची कॅसेट, कारखान्याच्या वर्धापनदिनाला सगळ्यांना वाटलेली, बँडची. काकूंचं गाणं त्यात नव्हतं.

चपला अडकवून काका तडक दुकानात गेले.

“बोला काका, काही राहिलं का?”

‘माझ्याकडून पुसली गेली.’ एवढंच म्हणायचं होतं. असलं वाक्य काकांनी कारखान्यात कितीतरी जणांकडून लिहून घेतलं होतं, स्वतः कधी उच्चारलं नव्हतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. कीव करायची असेल त्याने इथे काकांची करावी, मला जमत नाही.

“काही नाही. काम चांगलं झालंय, ते सांगायला आलो.”

“बरं झालं. परवा महिना संपतोय, मग पुसून टाकतो सगळं.”

“पुसा की,” काका म्हणाले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. “बाबा, आईचं गाणं सापडलं?”

“नव्हतंच त्यात. फीत खराब झाली असणार.”

“दुकानात विचारलंत?”

“विचारलं. नाही म्हणाला.”

“आईला नीट सांगा हं. ती वाट बघतेय.”

फीत खराब झाली, असं काकूंनाही सांगता आलं असतं. पण मग ती रोज हात पुढे करणार, लेकीला खुणा करणार, पुन्हा दुकानाचा विषय निघणार. काकांना हे प्रकरण कायमचं मिटवायचं होतं. ते पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले.

“हे बघ, तसलं गाणं नाहीये. तू कधी म्हटलंच नव्हतंस.”

काकूंनी जोरात मान हलवली आणि गुणगुणायला लागल्या. दोन शब्द आले, स्वच्छ.

“ते रेडिओवर ऐकलं असशील कुठेतरी. मेंदूला झटका बसला की माणसाला नसलेलं आठवतं. डॉक्टरच म्हणाले मला.”

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत आधी राग होता, मग शंका आली आणि मग भीती. हीच आठवण खोटी असेल तर आणखी कुठल्या कुठल्या खोट्या? काकांनी नजर हलवली नाही. शेवटी काकूंनीच खाली पाहिलं.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या.

आजारपणानंतरचं ते पहिलं अख्खं वाक्य. कुठे अडखळल्या नाहीत. जन्मभर इतक्यांदा म्हटलेलं, की ते आठवावं लागलंच नाही.

“असू दे,” काका म्हणाले, आणि आपण माफ केलं असं त्यांना खरोखरच वाटलं. त्यांनी इअरफोन काकूंच्या कानात घातले आणि जे होतं ते लावलं. कारखान्याचा बँड सुरू झाला. काका समोर बसून बघत होते, म्हणून काकू डाव्या हाताच्या बोटांनी चादरीवर ठेका धरू लागल्या.